सफरचंदाचा भुगा

रुखमाबाईंना जाऊन बारा दिवस झाले आणि घरातली सफरचंदं अजून संपली नव्हती.

फ्रिजच्या खालच्या खणात होती, धानाच्या कोठीवरच्या टोपलीत होती, त्यांच्या नवऱ्याच्या, देवरावांच्या, कंडक्टरकीच्या जुन्या पेटीशेजारी एक पिशवी गाठ न सोडता तशीच पडली होती. आजाऱ्याला भेटायला जायचं तर सफरचंदं न्यायची, हे ब्रह्मपुरीत कुणाला शिकवावं लागत नाही. स्टँडवर उतरायचं, समोरच्या गाडीवरून किलोभर घ्यायची, पिशवी उशाशी ठेवायची, पाच मिनिटं ‘होते सगळं बरं’ म्हणायचं आणि उठायचं. रुखमाबाईंना अन्ननलिकेचा कॅन्सर होता. शेवटी शेवटी पाणीसुद्धा चमच्यानं पाजावं लागे. तरी येणारा प्रत्येकजण सफरचंदंच घेऊन आला. तीस वर्षं कुरखेड्याच्या जंगलपट्ट्यात नर्स म्हणून फिरली ती बाई. रोग्यानं काय खावं, काय खाऊ नये, हे घरोघर सांगत आली. तिच्या उशाशी बसून एकानंही विचारलं नाही, की बाई, तुमच्या घशाखाली काय उतरतं?

त्यांच्या लेकीला, सरिताला, त्या पिशव्या दिसल्या की कानशिलं तापत. बाकी रडणं-बिडणं तिला जमलं नव्हतं. कॉलेजच्या ग्रंथालयात वीस वर्षं काढलेली बाई; आवाज न चढवण्याची सवय हाडात मुरलेली. त्यामुळे तिला राग आलाय हे घरच्यांना फार उशिरा कळे, किंवा कळतच नसे.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला होता. वंदना झाली, भंतेजी बाराच्या आत जेवून गेले, गल्लीतल्या लोकांच्या पंगतीही उठल्या. आता ओसरीत घरचेच उरले होते. देवराव भिंतीला टेकून बसले होते. प्रफुल्ल, सरिताचा धाकटा भाऊ, खुर्च्यांवर खुर्च्या रचत होता. त्याची बायको दिव्या आत भांडी आवरत होती. आणि धनराजकाका, देवरावांचे धाकटे भाऊ, सतरंजीवर मांडी घालून सुपारी कातरत होते.

“सगळं बेस झालं,” काका म्हणाले, “पण एक गोष्ट राह्यली. वहिनीच्या आवडीचं काही दिसलं नाई. वरण-भात-भाजी त लोकायसाठी झाली. सरू, तुह्या आईचा तो भुगा कर न. वाटीभर फोटोपुढं ठेवू.”

“आपल्या घरी फोटोले खाऊ घालत नाई, धनराज,” देवराव म्हणाले.

“मी कुठी निवद म्हणून राह्यलो, दादा? आठवण म्हण.”

“अन् ते आठवण संध्याकाळी कोण खाईन?”

“मीच खाईन. वाया कायले घालवू?”

प्रफुल्ल हसला. बारा दिवसांत पहिल्यांदाच त्या ओसरीत कुणी हसलं असेल. हसता हसताच तो म्हणाला, “कर ना, ताई. सफरचंदं पडूनच आहेत. आईलाही बरं वाटलं असतं.”

सरिता सतरंजीची घडी घालत होती. तिनं घडी पूर्ण केली, कोपरे जुळवले आणि म्हणाली, “नाई करत.”

“काऊन?” काकांचा अडकित्ता थांबला.

“महिन्याआधी केला होता. तुमीच सगळ्यायनं खाल्ला. इतक्यात चव विसरले?”

आत भांड्यांचा आवाज थांबला.

भुगा म्हणजे सफरचंदांचाच. नागपूरच्या नर्सिंग शाळेत असताना वसतिगृहाच्या म्हाताऱ्या मेट्रननं रुखमाबाईंना तो शिकवला होता. मेट्रन त्याला क्रंबल म्हणायची. रुखमाबाईंनी घरी आल्यावर ते नाव सोडलं आणि चवही थोडी बदलली. बदामांच्या जागी जंगलातली चारोळी आली, साखरेच्या जागी गूळ आला, कणकेत निम्मं तांदळाचं पीठ आलं आणि भट्टीच्या जागी जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं. आलेल्या पगारात वर्षातून एकदा सफरचंदं यायची आणि त्या दिवशी शेजारची पोरं न बोलावता ओट्यावर येऊन बसायची.

महिन्याआधी, तीन आठवडे काहीच न मागितलेल्या रुखमाबाई सकाळी अगदी स्पष्ट म्हणाल्या होत्या, “सरू, आज भुगा कर.” सरितानं रजा टाकली. उशाशी साठलेल्या पिशव्यांतली चांगली फळं निवडली. तीन तास सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, चुलीपुढे बसली. वाटी घेऊन आईच्या खोलीपाशी आली, तर दारात दिव्या उभी.

“नको, ताई. ठसका लागेल,” असं म्हणून तिनं वाटी हातातून काढून घेतली. प्रफुल्लनं बायकोची बाजू घेतली. काकांनी “पथ्य म्हणजे पथ्य” असं म्हणून प्रफुल्लची घेतली. सरितानं मान्य केलं असतं. ठसका खरंच लागला असता. पण पुढे जे झालं, ते तिच्या गळ्यात आजवर अडकून होतं. दिव्यानं तोच भुगा वाट्यांत काढला आणि सगळ्यांना ओसरीत नेऊन दिला. सगळ्यांनी चहाबरोबर खाल्ला. काकांनी दोनदा घेतला, वर गंजाच्या बुडाची खरड चमच्यानं खरवडून खाल्ली. आणि आईच्या खोलीचं दार, जे एरवी आपोआप लागतं, ते त्या दिवशी कुणीतरी वरवंटा टेकवून सताड उघडं ठेवलं होतं. आठ हातांवर पडलेल्या बाईला चमच्यांचा खणखणाट ऐकू यावा म्हणून! सरितानं काही न बोलता वरवंटा उचलला, दार लागू दिलं आणि वरवंटा स्वयंपाकघरात पाट्यावर नेऊन ठेवला. त्या दिवसापासून ती दिव्याशी कामापुरतं बोलत होती. एकोणीस दिवसांनी आई गेली. तिनं पुन्हा काही मागितलं नाही.

“ते पथ्याचं होतं, ताई,” प्रफुल्ल हळू आवाजात म्हणाला.

“पथ्य तिले होतं. तुमाले नव्हतं, मालूम आहे मले. तुमी खाल्ला यात काही गलत नाई.” सरितानं सतरंजी भिंतीशी ठेवली. “पण जितेपणी तिच्या तोंडापुढून काढला अन् आता फोटोपुढं ठेवाचा म्हणता. मले हे जमत नाई.”

“झालं गेलं कायले उकरतं, सरू?” काका म्हणाले. “बुढा माणूस आहो मी. दोन वाट्या खाल्ल्या त गुन्हा केला?”

तेवढ्यात फाटक वाजलं.

कुरखेड्याच्या पल्याडचा सुकलू होता. धोतर, खांद्यावर दुपट्टा, हातात फडक्याची पुरचुंडी. त्याच्या तिन्ही लेकरांची नाळ रुखमाबाईंनी कापली होती. तो दरवर्षी यायचा नाही. दरवर्षी त्याची चारोळी यायची, जीपवाल्याच्या हाती.

“जीप चुकली, ताई. देर झाली,” तो म्हणाला. खुर्ची दिली तर बसला नाही, ओट्याच्या कडेला टेकला. “परोग्राम झाला काय?”

“झाला, भाऊ. जेवून घ्या.”

“जेवतो. हे आधी घे.” त्यानं पुरचुंडी पुढे केली. “बाईच्या भुग्याची चारोळी. उन्हाळ्यातच जात्यावर फोडून ठेवली होती.”

काकांना विषय बदलायला बरं निमित्त मिळालं. “काय सुकलू, बाई इतकी बिमार होती, सगळा तालुका सफरचंदं घेऊन आला, तू त दिसला नाई?”

“जीपवाल्याले इचारलं होतं मी,” सुकलू म्हणाला. “तो म्हणे, बाईले गिळता येत नाई. मंग सफरचंद कायले आणू? चारोळी वाटून दुधात पाजता येते, म्हणून हे बांधून ठेवली. पण धान बुडाला पाण्यात, निघणं झालं नाई. निंघालो तवा खबर आली.”

आपण काही विशेष बोललो असं त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. सरितानं पुरचुंडी दोन्ही हातांत धरली. साऱ्या तालुक्यातून एका माणसानं विचारलं होतं. त्याला यायला जमलं नाही, पण विचारलं होतं त्यानं.

“तुमी खाल्ला कधी भुगा, भाऊ?”

“मी? नाई बा. बाई डब्यात देत होती, पण तो घरी पोराईपासून उरेच नाई.”

“थांबाल? दोन तास लागतील.”

“मुक्कामालेच आलो. मले कायची घाई?”

सरिता उठली. “सुकलूभाऊसाठी करतो,” ती ओसरीला ऐकू जाईल असं म्हणाली. “फोटोसाठी नाई.”

“कोणासाठीही कर,” काका पुटपुटले, “पण कर बाप्पा.”

सांदवाडीत पेरूच्या झाडाखाली तीन विटांची चूल होती. सरितानं लाकडं लावली आणि सफरचंदं चिरायला बसली. काही सुरकुतली होती, काही एका अंगानं मऊ पडली होती. ती कापून टाकावी लागली. फोडी गुळात, दालचिनीच्या पुडीत आणि लिंबाच्या रसात घोळवल्या. मग कणीक आणि तांदळाचं पीठ परातीत घेतलं, त्यात घट्ट तुपाचे गोळे टाकले आणि बोटांच्या टोकांनी चोळू लागली. तळवा लागू द्यायचा नाही, तळव्याची ऊब लागली की तूप वितळतं आणि भुग्याची कणीक होते. आई म्हणायची, बोटं अशी चालव, जशी लेकराच्या डोक्यातली खपली काढतो.

मागे पावलं वाजली. दिव्या होती. घमेल्यात निखारे घेऊन आली होती.

“शेजारच्यांची चूल पेटलेलीच होती. म्हटलं, झाकणावर ठेवायला लागतील.”

“मी सांगतलं नव्हतं.”

“नाही सांगितलं.” दिव्यानं घमेलं खाली ठेवलं, पण गेली नाही. शेजारी उकिडवी बसली.

सरितानं गंजात फोडींचा थर दिला, त्यावर भुगा पसरला, चारोळी पेरली. वैनगंगेची रेती घातलेल्या कढईत गंज बसवला. झाकण ठेवलं. दिव्यानं चिमट्यानं एकेक निखारा झाकणावर मांडला, कडेला दाट, मध्ये विरळ. बरोबर मांडला. सरिताच्या ते लक्षात आलं आणि त्यानंच तिचा धीर सुटला.

“तुले हे कोणं शिकवलं?”

“आईंनी. तोंडानं सांगितलं होतं, पडल्या पडल्या.”

“वा. करणं शिकवलं अन् तू तिले खाऊ देल्ला नाई.” आवाज चढला नाही, पण शब्द सुटे सुटे पडले. “ठसक्याचं मी समजू शकतो, दिव्या. मी काही अडाणी नाई. पण ते दार? आठ हातांवर ती पडली होती अन् तुमी चमचे वाजवत होते. वरवंटा कोणं ठेवला होता तिथी? तूच न?”

“मीच.”

“तोंड वर करून सांगतं?”

दिव्यानं चिमटा खाली ठेवला. तिची नजर निखाऱ्यांवरच होती. “आईंनी ठेवायला लावला होता.”

सरिता परातीच्या कडेला लागलेलं पीठ खरवडू लागली.

“त्या दिवशी पहाटे त्यांनी चहात भिजवलेलं बिस्किट मागितलं. तुम्ही आंघोळीला गेला होता. एवढासा तुकडा. तो उतरला नाही. दहा मिनिटं गुदमरल्या. मग माझा हात धरला आणि म्हणाल्या…” दिव्या नागपूरची, सासूची बोली तिच्या तोंडी कधी येत नसे. आता आली. “म्हणाल्या, ‘सरूले मी भुगा कराले लावतो. माह्यानं खाणं होत नाई, मले मालूम आहे. तू वाटी माह्यापर्यंत येऊ देऊ नोको. पण दार उघडं ठेव. मले वास पाहिजे.’”

पेरूचं एक पान परातीत पडलं. सरितानं ते काढून बाजूला ठेवलं.

“अन् खाल्ला कायले तुमी?”

“तेही त्यांनीच. ‘तीन महिन्यांपासून घरात कोणी धड जेवून नाई राह्यलं, सगळ्यायले बसवून खाऊ घाल, चमच्याचा आवाज आला पाहिजे.’ काका उठत होते, मीच त्यांना दुसरी वाटी आग्रह करून दिली. रात्री आईंनी मला विचारलं, धनराजनं दोनदा घेतला न? हो म्हटलं, तर बरं वाटलं त्यांना.”

“प्रफुल्लले मालूम आहे?”

“नाही. त्यांना सांगितलं असतं, तर तासाभरात तुम्हाला कळलं असतं. मी हो म्हणेपर्यंत आईंनी हात सोडला नव्हता, ताई.”

एक लाकूड बाहेर सरकलं होतं, ते सरितानं आत ढकललं.

“मी तिचं अंग पुसलं,” ती म्हणाली. “तिची ओकारी हातात झेलली. रात्र रात्र तिची पाठ चोळली. अन् तिले वाटलं, मले हे पाहणं होणार नाई? मले? तुले सांगतलं, सुनेले. अन् पोटच्या पोरीले फसवलं?”

“खायचा नाही, फक्त वास घ्यायचाय, असं सांगितलं असतं तर तुम्ही चूल पेटवली असती?”

पेटवली नसती. आईच्या पायाशी बसून राहिली असती, आणि आईला तिच्या रडण्याचीच समजूत घालत बसावं लागलं असतं. हे सरिताला तत्काळ कळलं आणि कळल्याचाही राग आला. राग होता तेवढाच होता. फक्त इतके दिवस तो ज्यांच्या अंगावर टाकला होता, ते सगळे बाजूला सरकले होते. उरली होती ती आई. तिच्यावर चिडायची सोय नव्हती. आणि उरली होती ती स्वतः.

“दार मी लावलं, दिव्या,” ती म्हणाली. “वरवंटा मी उचलला.”

“हो.”

“तू तवाच काऊन नाई बोलली?”

“तुम्ही वळल्यावर मी पुन्हा उघडायला गेले होते. आईंनी हातानं नको केलं. म्हणाल्या, ‘राहू दे. आला वास. ते चिडली आहे, चिडू दे तिले.’ आणि हसल्या थोड्या.”

सरितानं पदर तोंडाला लावला. खांदे एकदा हलले, दोनदा हलले. ते हसू होतं की दुसरं काही, हे दिव्यानं पाहिलं नाही. ती चिमट्यानं निखारे सारखे करत राहिली.

“महिनाभर माह्यं असं वागणं सहन केलं तू,” सरिता म्हणाली.

“तुम्ही काही बोललाच नाहीत, ताई. सहन काय करायचं?”

“तेच त म्हणतो.”

झाकणाच्या कडेनं गुळाचा वास सुटला. आधी नुसता गोड, मग तुपात भाजल्या पिठाचा, मग चारोळीचा, मागून दालचिनीचा. पलीकडच्या भिंतीवरून शेजारच्या झिंगूबाईचं डोकं वर आलं. “भुगा काय वं, सरू?” “होये, मावशी. या.” डोकं लगेच खाली गेलं, ती येणारच होती.

गंज दोन फडक्यांत धरून सरिता आत आली. ओसरीत सगळे सावरून बसले. काकांनी सवयीनं फोटोपुढची उदबत्ती सरकवून जागा केली.

“इथी ठेव, पहिली वाटी.”

“नाई, काका. तिले खाचा नव्हताच.”

“म्हणजे?”

सरितानं गंज ओसरीच्या मधोमध ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. पाट्यावरचा वरवंटा उचलला. हात भरून आला इतका तो जड होता; त्या दिवशी रागाच्या भरात वजन जाणवलं नव्हतं. आईच्या खोलीचं दार ढकललं. खाटेवरची गादी उन्हात टाकलेली, नुसती नवार दिसत होती. दार परतायच्या आत तिनं वरवंटा त्याला टेकवला.

“तो तिथी कायले?” देवरावांनी विचारलं.

“दार आपोआप लागते, बाबा.”

देवराव तिच्याकडे पाहत राहिले. मग दाराकडे. मग त्यांनी भिंत सोडली आणि पुढे सरकून बसले.

सरितानं गंजावरचं झाकण काढलं आणि ओसरी वासानं भरू दिली. घाई केली नाही. वाफ छपराकडे गेली, थोडी बाहेर गेली, आणि थोडी आत, नुसत्या खाटेच्या खोलीत गेली.

पहिली वाटी सुकलूला दिली. दुसरी बाबांना. तिसरी दिव्याच्या हातात दिली आणि प्रफुल्लला म्हणाली, “तू नंतर. आधी तुह्या बायकोले घेऊ दे.” प्रफुल्लनं एकदा बहिणीकडे, एकदा बायकोकडे पाहिलं, त्याला काही उमगलं नाही आणि दोघींनीही काही सांगितलं नाही.

काका आपली वाटी धरून अवघडून बसले होते. मघाच्या बोलण्यानं त्यांचा हात आखडला होता. चमचा वाटीत नुसताच फिरत होता.

“काका,” सरिता म्हणाली, “दोनदा घ्याचा आहे तुमाले. अन् खरडही तुमचीच.”

“सरू, टोमणे नोको मारू बाप्पा.”

“टोमणा नाई.” तिनं उघड्या दाराकडे पाहिलं. “खा. अन् चमचा जरा वाजू द्या.”